जिन्यावरची बाई

३ फेब्रुवारी

आज फोन आला. कामासाठी. एवढं लिहून मी त्या ओळीकडे जरा वेळ नुसती बघत बसले, कारण अलीकडे मला फोन येतात ते विम्याचे, नाहीतर चुकून लागलेले.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा माझं ऐकतच नव्हता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याचा लकवा आहे, बहुतेकांचा काही महिन्यांत बरा होतो. मी त्या बहुतेकांत कधी बसलेच नाही. डावा गाल उतरला तो उतरलाच. डावा डोळा पूर्ण मिटत नाही, त्यातून पाणी येत राहतं. झोपताना ताई त्यावर पट्टी चिकटवते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त नर्स आणि या घरातलं सरकार.

फोन तिनेच उचलला होता. बराच वेळ नुसतं ‘हं, हं’ चाललं होतं. मग माझ्या हातात फोन देऊन ती स्वयंपाकघरात निघून गेली. पलीकडे एक तरुण दिग्दर्शक होता. आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली ती जुनी भुताची गोष्ट, तिच्यावर तो सिनेमा काढतोय. जिन्यावरच्या बाईचं काम मी करावं अशी त्याची इच्छा आहे. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

जेवताना ताईला सांगितलं.

‘‘भुताचं काम?’’

‘‘हो. जिवंत बायकांची कामं मिळायची बंद झालीत.’’

‘‘तोंड वाकडं करून बोलू नकोस.’’

‘‘ते आता कायमचंच आहे.’’

एरवी या विनोदावर ती हसते. आज ताट उचलून गेली. माझं काहीतरी सुरू होतंय आणि ती घरातच, म्हणून वाईट वाटलं असेल बिचारीला.

७ फेब्रुवारी

दिग्दर्शकाच्या ऑफिसात जाऊन आले. वारा लागू नये म्हणून स्कार्फ नाकापर्यंत ओढला होता. आत पंखासुद्धा बंद होता, पण असू दे.

पोरगा तिशीचा असेल. नखं कुरतडतो. बोलताना माझ्याकडे कमी आणि चहाच्या कपाकडे जास्त बघत होता. लाजाळू असावा. ‘‘तुमच्या चेहऱ्यात एक अनुभव आहे,’’ तो कपाला म्हणाला. मला फार बरं वाटलं. आयुष्यभर मी नायकाची वहिनी केली, नायिकेची मावशी केली, चोरी होते त्या घरातली मालकीण केली. चेहऱ्यात अनुभव आहे असं कुणी म्हणालं नव्हतं.

संवाद एकही नाही. तोंडावर काळी जाळी घेऊन जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहायचं. शेवटी एकदाच ती जाळी उचलली जाते. शेजारी निर्माते बसले होते. पोट सुटलेले, बोलायला गोड. ते मात्र माझ्या चेहऱ्याकडे अगदी निरखून बघत होते आणि समाधानाने मान हलवत होते.

घरी येताना रिक्षात मी गुणगुणत होते. रिक्षावाल्याने वळून बघितलं तेव्हा कळलं.

११ फेब्रुवारी

गोष्ट पुन्हा वाचली. शाळेत असताना आम्ही ती पांघरुणात घुसून वाचायचो. एक श्रीमंत माणूस दुसरं लग्न करून नवी बायको घरी आणतो. वरच्या मजल्यावरची खोली बंद असते. संध्याकाळ झाली की जिन्याच्या टोकाला कुणी बाई उभी राहते, तोंड झाकलेलं. माळी तिला बघतो आणि पळताना विहिरीत पडतो. घरमालकाचा मित्र बघतो आणि त्याचं हृदय बंद पडतं. शेवटी नवी नवरी वर जाते, स्वतः जाळी उचलते आणि वेडी होते. तिने काय पाहिलं ते लेखकाने सांगितलेलंच नाही. आमच्या वर्गात त्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या. कुणी म्हणायचं कवटी होती, कुणी म्हणायचं डोळेच नव्हते.

आज वाचताना दुसरंच लक्षात आलं. ती बाई काहीच करत नाही. सबंध गोष्टीत ती कुणाच्या अंगाला हात लावत नाही, कुणाच्या मागे लागत नाही. नुसती उभी असते. पळतात ते लोक, पडतात ते लोक, आणि खापर हिच्या डोक्यावर.

ताईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. ‘‘मग खाली का नाही येत ती?’’ म्हणाली. मी तिच्या हातातली अर्धी जुडी घेऊन निवडायला बसले.

१९ फेब्रुवारी

चित्रीकरण सुरू झालं. बंद पडलेल्या काचकारखान्याच्या गोदामात घर उभं केलंय. लांबून बघितलं तर खरंखुरं वाटतं. जवळ गेलं की खिळे दिसतात. जिना वर जातो आणि कुठेच पोचत नाही. वरच्या दारामागे एक फळी आणि त्या फळीवर बसून पेंगणारा दिवेवाला.

रंगभूषेला मास्तर आहेत हे बघून जीव भांड्यात पडला. माझ्या पहिल्या सिनेमापासून ते ओळखतात मला. बायको गेल्यापासून कामापुरतंच बोलतात. मी खुर्चीत बसले तर त्यांनी पेटीच उघडली नाही.

‘‘तुम्हांला काही लावायचं नाही असं सांगितलंय,’’ ते म्हणाले.

‘‘बरंच झालं की.’’

‘‘मी त्यांना म्हटलं, मी बनवून देतो चेहरा. हवा तसा. कुणालाही बसवा, मी भूत करून देतो. तुम्हांला असं…’’

‘‘असं काय?’’

‘‘काही नाही.’’

मग त्यांनी खिशातून डोळ्यांत घालायचे थेंब काढले. दिव्यांनी डोळा कोरडा पडतो म्हणाले. आणि माझी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, म्हणजे झोत डावीकडून येणार नाही. हातातलं काम गेलं म्हणून नाराज आहेत. या वयात माणसाला काम नसलं की वेळ काढायला काहीतरी लागतं.

२४ फेब्रुवारी

आज मन थाऱ्यावर नाही. तरी लिहिते.

शेवटच्या प्रसंगाची तालीम होती. नवऱ्यामुलीचं काम करणाऱ्या मुलीला सगळे ‘नवरी’च म्हणतात. हसरी आहे, चांगली आहे. आजवर तिने मला जाळीतच बघितलं होतं. तिने जाळी उचलली आणि ती किंचाळली. तालमीत किंचाळायचं नव्हतं. लगेच तोंडावर हात ठेवून ‘सॉरी, सॉरी’ म्हणत बाहेर पळाली.

मी हसण्यावारी नेलं. जाळी सोडून तशीच वर उभी राहिले. खाली निर्माते दिग्दर्शकाला सांगत होते. जाळी घेतलेल्या माणसाला ऐकूही येत नाही अशी लोकांची समजूत असावी.

‘‘बघितलंस? मी म्हटलं नव्हतं? रबर लावून हे होत नाही. खरं ते खरं. एका सेकंदात दाखवायचं, वर मोठा आवाज टाकायचा, थेटर खुर्चीवरून उडालं पाहिजे.’’

दिग्दर्शक नखं कुरतडत राहिला.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. माझ्या चेहऱ्यात अनुभव होता म्हणे.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. ती खाली बघत होती. तिच्या बघण्यावरूनच मला कळलं.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘फोनवर पहिलं तेच विचारलं त्याने. चेहरा अजून तसाच आहे का म्हणून.’’

‘‘आणि तू काय सांगितलंस?’’

‘‘काय सांगणार? खरं सांगितलं.’’

‘‘मला का नाही बोललीस?’’

‘‘सांगणार होते,’’ ती म्हणाली. ‘‘पण तू ऑफिसातून आलीस ती गुणगुणत आलीस. तीन वर्षांनी. माझ्याच्याने नाही झालं.’’

मी दार आपटून खोलीत आले. आता वाटतंय, दाराने काय केलं होतं.

२५ फेब्रुवारी

गेले नाही. दोनदा फोन वाजला, उचलला नाही. ताई म्हणते, सोडून दे, आपल्याला काय कमी आहे. मला कमी काय आहे ते तिला कसं सांगू. मला आहे ते जास्तच झालंय. सगळ्यांना दिसतं आणि सगळे दिसलं नाही असं दाखवतात. भाजीवाला सुट्टे पैसे माझ्या खांद्याकडे बघून देतो. शेजारीण माझ्या उजव्या कानाशी बोलते. आणि हा एक निर्माता, ज्याने सरळ बघितलं, तो मालाकडे बघावं तसं.

सोडणार नाही. सोडलं तर ते दुसरी कुणी लंगडी, पांगळी, भाजलेली शोधतील आणि तिलाही सांगतील, तुमच्यात अनुभव आहे. उद्या जाते. घाबरवायला नाही, काम करायला.

२६ फेब्रुवारी

दिग्दर्शकाला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, ‘‘मला काम बघून घेतलंत की तोंड बघून?’’

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘‘तोंड बघून,’’ म्हणाला. ‘‘काम नंतर आठवलं.’’

खरं बोलला म्हणून राग आला आणि त्याचमुळे थोडा उतरलाही.

‘‘मग हेच आधी विचारायचं होतं.’’

‘‘कसं विचारणार? कुठल्या शब्दांत?’’

‘‘ह्याच. तोंड हवंय, द्याल का? फार तर मी नाही म्हटलं असतं. हो म्हटलं असतं, तर तुम्हांला माझ्याशी बोलायला चहाचा कप लागला नसता.’’

तो कानापर्यंत लाल झाला. मग मी माझं म्हणणं मांडलं. जाळी नवरी उचलणार नाही, मी उचलीन. माझ्या हाताने, उजेडात. मी खाली सोडेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही. वर आवाज टाकायचा नाही.

निर्माते आले. ‘‘बाई, लोक घाबरायला तिकीट काढतात. करुण कहाणी बघायला नाही.’’

‘‘करुण कोण म्हणालं? मी कुठे रडतेय?’’ नेमकं तेव्हाच डावा डोळा वाहायला लागला. तो वाहतोच, मी काय करू.

‘‘जमत नसेल तर राहू दे. रबराचा चेहरा करू, दुसरी कुणी उभी करू. काय मास्तर?’’

मास्तर दाराशी उभे होते. शांतपणे म्हणाले, ‘‘माझा हात धरलाय. काही बनवता यायचं नाही.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘आत्तापासून.’’

नेमका आत्ताच धरायचा होता बिचाऱ्यांचा. ताईकडून मलम मागवलंय.

२७ फेब्रुवारी

मी वेश करून, जाळी घेऊन सकाळीच जिन्यावर जाऊन बसले. अटी मान्य असतील तर उभी राहते, नसतील तर बसते. पण उठवायला कुणी तरी वर यावं लागेल. कुणी येईना. निर्माते खालून ओरडून गेले. ओरडणारा माणूस जिन्याच्या खाली उभा असला की फार बारका दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

दिवेवाला फळीवरून उतरला आणि त्याने माझ्या बाजूला चहा ठेवला. दुपारी नवरी वर आली आणि माझ्याशेजारी बसली.

‘‘त्या दिवशी मला खरंच भीती वाटली होती,’’ ती म्हणाली. ‘‘मग स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून तुमच्यासमोर यायला घाबरतेय. चेहऱ्याला नाही, तुम्हांला.’’

‘‘आणि चेहऱ्याला?’’ मी जाळी बाजूला केली.

तिने नीट बघितलं. ‘‘त्याची होईल सवय.’’

‘‘मला नाही झाली अजून,’’ मी म्हटलं. हे माझ्या तोंडून का निघालं कोण जाणे. मी तर सगळ्यांना सांगते, मला काही वाटत नाही म्हणून. घरातला मोठा आरसासुद्धा मी काढला तो भिंतीला ओल होती म्हणून.

संध्याकाळी दिग्दर्शक वर आला. तिथेच पायरीवर बसला. ‘‘उद्या तुम्ही म्हणता तसं करू,’’ म्हणाला. ‘‘त्यांना मी बघतो.’’

मास्तर सामानाची मोठी पेटी एकट्याने उचलून गाडीत ठेवत होते. मलम चांगलंच लागू पडलेलं दिसतंय.

२८ फेब्रुवारी

झालं.

वरच्या खिडकीतून उजेड सोडला होता. नवरी पायऱ्या चढून आली आणि माझ्यासमोर थांबली. मी जाळी उचलली आणि मागे टाकली. मनात काही ठरवलं नव्हतं. एवढंच की नजर हलवायची नाही. रस्त्यात, दुकानात, दवाखान्यात मीच आधी नजर वळवते, समोरच्याला सोपं जावं म्हणून. आज नाही वळवली. बघ म्हटलं. खरोखरच म्हटलं, संवाद नसताना. माझे ओठ नीट जुळत नाहीत, त्यामुळे ‘ब’ म्हणताना हवा निसटते, आणि तीन वर्षं मी असली अक्षरं चारचौघांत टाळत आलेय. आज तो ‘बघ’ वाकडातिकडा निघाला आणि अख्ख्या गोदामात ऐकू गेला.

नवरीने किंचाळायचं होतं. ती किंचाळली नाही. हात वर केला आणि माझ्या डाव्या गालावरचं पाणी अंगठ्याने पुसलं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मग मी तिच्या शेजारून जिना उतरायला लागले, हेही नव्हतं. खाली पोचले तेव्हा मी जाळी सोडली नव्हती, म्हणून कॅमेरा चालूच होता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिवेवाला वर फळीवर नाक शिंकरत होता. मास्तर कुठे दिसले नाहीत. नंतर आले तेव्हा डोळे लाल होते. त्या गोदामात धूळ फार आहे.

१४ जून

एवढे दिवस काही लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे.

सिनेमा तयार झाला आणि आज निवडक लोकांना दाखवला. मला आमंत्रण होतं ते प्रेक्षक म्हणून. भूत कोण ते गुप्त ठेवायचंय म्हणे. मी आणि ताई मागच्या रांगेत बसलो.

तो प्रसंग आला. नवरी जिना चढते. जाळी उचलली जाते आणि कान फाटेल असा आवाज. माझा चेहरा दिसला न दिसला, लगेच अंधार. थेटर किंचाळलं. मग सगळे हसायला लागले, घाबरून झाल्यावर हसतात तसं. पुढचं काहीच नव्हतं. ‘बघ’ नाही, अंगठा नाही, जिना उतरणं नाही. सगळं कापलं होतं.

ताईने माझा हात धरला. ‘‘चल घरी,’’ म्हणाली. मी पण तेच म्हणणार होते.

दिवे लागले. सगळ्यांना पुढे बोलावलं, निर्माते, दिग्दर्शक, नवरी, घरमालकाचं काम करणारा. टाळ्या पडत होत्या. मी उठले आणि दाराकडे जायच्या ऐवजी पुढे चालायला लागले. मधल्या वाटेने. स्कार्फ खुर्चीवर राहिला तो राहिला. लोक बघायला लागले, मग ओळखायला लागले, मग एकेक करत गप्प झाले. मी मंचावर चढून मधोमध उभी राहिले. निर्माते हसत हसत माझ्या कोपराला धरायला आले. नवरी मध्ये येऊन उभी राहिली.

भाषण येत नाही मला. त्या प्रसंगात जेवढा वेळ उभी होते तेवढा वेळ उभी राहायचं, एवढंच डोक्यात होतं. कापा आता, म्हटलं मनात. पहिल्यांदा लोकांनी माना वळवल्या. कुणी खोकलं, कुणी मोबाईल काढला. मी थांबले. हळूहळू माना परत आल्या. शेवटी सगळं थेटर माझ्याकडे बघत होतं आणि कुणाला काही होत नव्हतं.

तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी बाई उठून उभी राहिली. मला वाटलं, विचारणार, काय झालं हो चेहऱ्याला, दुखतं का. तिने विचारलं, ‘‘तुम्ही इतकी वर्षं वरच का उभ्या होतात? खाली का नाही आलात?’’

कामाबद्दल विचारलं तिने. तीन वर्षांनी मला कुणीतरी कामाबद्दल विचारलं.

‘‘मला कुणी बोलावलंच नाही,’’ मी म्हटलं. ‘म’ घसरला, ‘ब’ही घसरला. घसरू दिले.

मग दिग्दर्शकाने माईक घेतला. म्हणाला, ही खाली आली होती, मी चित्रित केलंय, आणि मी ते कापू दिलं. जोडल्याशिवाय सिनेमावर माझं नाव लागणार नाही. निर्मात्यांचं तोंड माझ्याहून वाकडं झालं.

१ जुलै

प्रसंग जोडला. पूर्ण. लोक त्याच्याबद्दलच बोलत होते, त्यामुळे निर्माते आता सगळीकडे सांगतात की कल्पना त्यांचीच होती. सांगू देत. दोन थेटरांत सिनेमा चाललाय, तिसऱ्यातून उतरला. काहीजण म्हणतात, भीतीच वाटत नाही, पैसे परत द्या. मी त्यांच्या बाजूची आहे.

ताई तीनदा बघून आली. म्हणते, जिना उतरताना गुडघा दुखतोय तुझा, डॉक्टरला दाखव.

आज सकाळी एका दुसऱ्या निर्मात्याचा फोन आला. ताईने तो न बोलता माझ्याकडे दिला. विहिरीतली चेटकीण आहे म्हणाला, फार दमदार भूमिका.

‘‘भुतं, चेटकिणी सध्या करत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘वकील असेल तर सांगा. मुख्याध्यापिका, पोलीस, खून करणारी बाई, चालेल. प्रेमात पडणारी असली तरी चालेल.’’

‘‘या चेहऱ्याने?’’ तो पटकन बोलून गेला.

‘‘दुसरा आणलेला नाही,’’ म्हटलं आणि मीच फोन ठेवला. नाही मिळालं काम तर नाही. पण मला विचारायचं तर असल्या कामांसाठी विचारायचं, एवढं एकाला तरी कळलं.

दुपारी मास्तर आले होते. हातात मलमाची बाटली, परत करायला म्हणून. अजून सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. चहा घेतला, आणि तो संपल्यावरही बराच वेळ बसून राहिले. जाताना म्हणाले, रविवारी नदीकाठी फिरायला याल का. ताई आतून उगीचच भांडी वाजवत होती. हो म्हटलं. त्यांना बहुतेक पुढच्या कामाबद्दल काही बोलायचं असेल.